एकसारखी कासवं

कॉम्प्युटरमध्ये जागा उरलेली नाही, हे कॉम्प्युटर मला बरेच महिने सांगत होता. खाली कोपऱ्यात एक पिवळी पाटी यायची, मी तिच्या फुलीवर टिचकी मारायचो, पाटी जायची आणि आम्ही दोघं आपापल्या कामाला लागायचो. पण एका शनिवारी सकाळी हीच गोष्ट मला बायकोने सांगितली. बायकोच्या डोक्यावर कोपऱ्यात फुली नसते, त्यामुळे मला ऐकून घ्यावं लागलं.

“अहो, हा जागा नाही म्हणतोय. मला कासव जोडायचंय.”

कासवाबद्दल आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यापायी घडलं. माझी बायको शाळेत चित्रकला शिकवते. आमची मुलगी पाळण्यात होती तेव्हा तिने कागद कापून एक सिनेमा करायला घेतला होता. टेबलावर कागदाचं कासव ठेवायचं, वर कॅमेरा बांधायचा आणि एक फोटो काढायचा. मग कासवाचा पाय नखभर पुढे सरकवायचा आणि दुसरा फोटो काढायचा. असे हजारो फोटो एकामागोमाग पळवले की कासव चालायला लागतं. हे कासव वाचनालयाचं पुस्तक परत करायला निघालेलं असतं आणि वाचनालय बंद व्हायच्या आत त्याला पोचायचं असतं. गोष्ट एवढीच. कासव पुलापर्यंत पोचलं आणि आमची मुलगी रांगायला लागली. एक दिवस ती टेबलावर चढली आणि कासवावर बसली. सिनेमा तिथे जो थांबला तो थांबलाच.

आता वाचनालयाच्या बालविभागातल्या बाईंनी मुलांसाठी सिनेमांची एक दुपार ठरवली होती आणि त्यांनी बायकोला विचारलं होतं, तुमचं ते कासव दाखवाल का? माझी बायको कुठल्याही गोष्टीला ‘बघू’ म्हणते. आमच्या लग्नालाही ती आधी ‘बघू’च म्हणाली होती. पण या वेळी ती ‘हो’ म्हणून आली. वाचनालयाच्या दारावर तिच्या नावाची पाटी लागली, तिचा तिने मोबाईलवर फोटो काढला आणि स्वयंपाक करता करता हात पुसून पुसून तो बघितला. शाळेतल्या पोरांची चित्रं तिने जन्मभर सुधारली, पण तिचं स्वतःचं म्हणावं असं ते एकच काम होतं आणि ते आता कुठे लोकांपुढे येणार होतं.

“त्यात काय, जागा मी करून देतो,” मी म्हणालो.

हे मी उगाच म्हणालो नाही. मी विमा कंपनीच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये आहे. जुन्या फायली तपासायच्या, ज्याच्या दोन प्रती असतील त्यातली एक ठेवायची आणि दुसरी यंत्रात घालून तिच्या शेवया करायच्या, हे माझं काम. गेली कित्येक वर्षं मी एक अख्खा मजला राहण्याजोगा ठेवला आहे. बाकीचे लोक ऑफिसात भर घालतात, मी एकटा जागा करतो. साहेबांना हे कधी दिसलं नाही, ते असो.

कपाटाच्या खणात आमच्या एक्स्टर्नल ड्राइव्हज होत्या. एकूण चार. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर बदलला की मी एक विकत घेतलेली होती आणि प्रत्येक नवीवर मी सगळं उतरवून ठेवलेलं होतं. सगळं म्हणजे आधीच्या ड्राइव्हसकट सगळं. त्यामुळे ‘बॅकअप’च्या पोटात ‘जुना बॅकअप’, त्याच्या पोटात ‘जुना बॅकअप नवा’ आणि त्याच्याही पोटात ‘हाच खरा’ नावाचा एक फोल्डर होता. ‘हाच खरा’ उघडला तर आत पुन्हा ‘बॅकअप’. सावधपणाचा अतिरेक झाला की घराचं असं गोदाम होतं.

मी तीन ड्राइव्हज जोडल्या. चौथी, सगळ्यांत जुनी, जोडली की नुसती टक-टक करायची आणि पडद्यावर काही दिसायचं नाही. तिला मी आजारी म्हणून रजा दिली.

त्याच वेळी क्लाउडकाका आले. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. कुणी कसलीही अडचण सांगितली की ‘क्लाउडवर टाका’ म्हणतात म्हणून त्यांना हे नाव पडलं आहे. त्यांनी स्वतःच्या लग्नाचे सगळे फोटो क्लाउडवर टाकलेले आहेत. पासवर्ड आठवत नाही एवढाच काय तो प्रश्न आहे.

“हाताने कसले निवडत बसलाय?” ते म्हणाले. “एक प्रोग्राम मिळतो फुकट. एकसारखे फोटो तोच शोधतो, त्यातला सगळ्यात स्वच्छ एक ठेवतो आणि बाकीचे उडवतो.”

मला ऐकूनच भरून आलं. जगात कुणीतरी माझ्यासारखा विचार करणारं होतं, भले तो प्रोग्राम का असेना.

प्रोग्राम उतरवला. त्यात एक सरकपट्टी होती. तिच्या एका टोकाला ‘तंतोतंत’ आणि दुसऱ्या टोकाला ‘साधारण सारखे’. क्लाउडकाका म्हणाले, सैल सोडा, नाहीतर जागा कुठून होणार? मी पट्टी पार टोकाला नेली. प्रोग्रामने बराच वेळ दळण दळलं आणि एकसारख्यांचे गट पुढे मांडले. गट संपता संपेनात.

आता ऑफिसात अशा वेळी आम्ही काय करतो, तर नमुना तपासणी. ढीग मोठा असेल तर वरची चार कागदपत्रं बघायची, ती बरोबर निघाली की खालचा ढीगही बरोबर आहे असं मानायचं आणि सही ठोकायची. हा नियम लेखी आहे. मी वरचे गट बघितले. पहिल्यात गाडीच्या दाराला पडलेल्या पोच्याचे फोटो होते, तेही एकाच पोच्याचे, सगळ्या बाजूंनी. दुसऱ्यात माझेच ओळखपत्रासाठी काढलेले फोटो होते आणि सगळ्यांत मी सारखाच अपराधी दिसत होतो. तिसऱ्यात वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तकाची पानं. नमुना चोख निघाला. मी ‘सगळे निवडा’ दाबलं आणि मग ‘उडवा’ दाबलं. ‘कायमचे?’ असं त्याने विचारलं. हो, कायमचे. आम्ही रेकॉर्ड सेक्शनवाले अर्धवट काम करत नाही.

पडद्यावर एवढी मोकळी जागा दिसायला लागली की मला ती बघवेना. रिकामं कपाट दिसलं की माणूस त्यात काहीतरी ठेवतोच. मी लगेच सगळ्याचा एक ताजा, स्वच्छ बॅकअप घेतला आणि ती जागा पुन्हा भरून टाकली. मग चहा घेतला. क्लाउडकाकांनीही घेतला. आयुष्यात फार थोड्या वेळा मला स्वतःबद्दल इतकं बरं वाटलं आहे.

रविवारी सकाळी बायको कॉम्प्युटरपुढे बसली.

“अहो, कासव कुठंय?”

“आहे की. फोल्डर तसाच ठेवलाय.”

“फोल्डर आहे हो. पण कासव झाडाखाली आहे आणि पुढच्याच फोटोत पुलावर आहे.”

“मग बरंच झालं,” मी पेपरातून मान वर न करता म्हणालो. “लवकर पोचलं.”

हे वाक्य मी परत घ्यायला आज काय वाटेल ते देईन. मी पेपर खाली केला. ती पडद्याकडे बघत होती. मग तिने कपाटातली घडी घातलेली चादर काढली, उलगडली, पुन्हा तिची घडी घातली आणि आत ठेवून दिली.

मुलीने उठून पडदा बघितला आणि ती माझ्याकडे वळली. “बाबा, तू आईच्या सिनेमातले डुप्लिकेट उडवलेस?”

“एकसारखे होते म्हणे ते.”

“अरे, सिनेमा म्हणजे एकसारखे फोटोच असतात! एकसारखे नसते तर कासव चाललं कसं असतं?”

मला तिचं म्हणणं पटत होतं, पण पटून उपयोग नव्हता. तिन्ही ड्राइव्हजना मी एकच न्याय लावला होता. ‘बॅकअप’, ‘जुना बॅकअप’, ‘हाच खरा’, सगळीकडे जाऊन आलो. कुठे झाडाखालचं एक कासव उरलं होतं, कुठे पुलावरचं एक. बायको भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, “जाऊ दे. तुम्ही काय मुद्दाम केलं नाही.” ते मला फार लागलं. मला खरोखर स्वतःची लाज वाटली.

मग मला चौथी ड्राइव्ह आठवली. ती टक-टक करणारी. ती आजारी होती म्हणूनच माझ्या तावडीतून सुटली होती. तिच्यात अख्खं कासव होतं.

“थांब!” मी ओरडलो. “तुझं कासव मी आणून देतो.”

आता आजारी ड्राइव्ह बरी कशी करायची, यावर आमच्या जिन्यात परिसंवाद भरला. समोरच्या फ्लॅटमध्ये दाताच्या डॉक्टरीणबाई राहतात. त्यांनी ड्राइव्ह कानाला लावली, हलवली आणि म्हणाल्या, “आत काहीतरी हलतंय. आमच्यात असं असलं की आम्ही काढून टाकतो.” क्लाउडकाकांना हे मान्य नव्हतं.

“फ्रीझरमध्ये ठेवा,” ते म्हणाले. “थंडीने आतलं लोखंड आखडतं आणि अडकलेलं मोकळं होतं.”

“आखडतं की मोकळं होतं?”

“आधी आखडतं, मग मोकळं होतं. वाद काय घालताय, अनुभवाचे बोल आहेत.”

अनुभव कुणाचा, हे मी विचारलं नाही. बुडत्या माणसाने फार चौकशा करू नयेत. ड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि फ्रीझरमध्ये बर्फाच्या ट्रेखाली सरकवली. पिशवीला भोक होतं आणि ट्रेला चीर होती. दोन्ही गोष्टी आमच्या घरात नांदत होत्या हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह फ्रीझरच्या भिंतीला जी चिकटली, ती काही केल्या निघेना. मी उलथनं लावलं. मुलीने केस वाळवायचं यंत्र आणलं. शेवटी फ्रीज बंद करावा लागला, आतलं सगळं बाहेर आलं आणि स्वयंपाकघरात तळं झालं. त्या तळ्यात उभी राहून बायको म्हणाली, “राहू दे हो आता.” पण माझा मान पणाला लागला होता. आणि खरं सांगायचं तर मानापेक्षाही तिचा तो पडलेला आवाज मला सहन होत नव्हता.

ओली वस्तू तांदळात ठेवली की सुकते, हे सगळ्या जगाला माहीत आहे. ड्राइव्ह तांदळाच्या डब्यात गेली. ती तिथे आहे हे मी घरात सांगितलं नाही, कारण सांगायला माझ्याजवळ तोंड उरलं नव्हतं. मुलीने तांदूळ काढायला डब्यात हात घातला आणि किंचाळली. मी ड्राइव्ह बाहेर काढली, पुसली आणि वायर लावायला गेलो, तर वायर आत जाईना. वायरीच्या भोकात एक तांदूळ जाऊन बसला होता. तो मी टाचणीने काढायला गेलो तर आणखी आत गेला.

म्हणून मी ऑफिसात रजा टाकली आणि ड्राइव्हच्या कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र गाठलं. काचेचं दार, थंडगार हवा, नंबराचा कागद देणारं यंत्र. माझा नंबर बराच वेळाने आला. काउंटरमागे एक टापटीप गृहस्थ होते.

“बिल?”

“हरवलं. फार जुनी आहे हो.”

“बिल नसेल तर वॉरंटी बघता येत नाही. बिल असतं तर वॉरंटी संपली आहे असं सांगता आलं असतं.”

“मला वॉरंटी नकोच. आतले फोटो हवेत.”

“साहेब, आतलं आमच्या अखत्यारीत येत नाही. आमची फक्त डबी. ड्राइव्ह वॉरंटीत असती तर तुम्हाला नवी मिळाली असती.”

“आणि जुनी?”

“जुनी जमा. नियमाप्रमाणे ती नष्ट होते.”

त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की माझ्या अंगावर काटा आला. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. पॉलिसीची मूळ प्रत शोधत आमच्या ऑफिसात येणाऱ्या लोकांशी मी याच आवाजात बोलतो. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येतं ते का, हे मला त्या दिवशी काउंटरच्या अलीकडे उभं राहिल्यावर कळलं.

त्यांनी टॉर्च लावून ड्राइव्हच्या भोकात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग फॉर्मवर ‘आढळलेले बाह्य पदार्थ’ असा एक रकाना होता, त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘तांदूळ, एक नग’. आणि माझी सही घेऊन ड्राइव्ह परत केली.

केंद्राच्या बाहेर, झेरॉक्सच्या दुकानामागे, एक मोठी पाटी होती: ‘मेलेल्या डिस्क जिवंत करून मिळतील. रडत या, हसत जा.’ आत एक बाई होत्या. आवाज खणखणीत, दोन्ही मनगटांवर वायरी गुंडाळलेल्या. मी ड्राइव्ह पुढे केली. त्यांनी तिला ‘पेशंट’ म्हटलं आणि मला ‘नातेवाईक’.

“शंभर टक्के वाचवणार,” त्या म्हणाल्या. “मी हात लावला आणि पेशंट गेला असं झालेलं नाही. याची दुसरी प्रत कुठे नव्हती का?”

मी सगळं सांगितलं.

“उडवल्यानंतर वर काही लिहिलंत का? नसेल लिहिलं तर तेही परत मिळतं.”

“ताजा बॅकअप घेतला,” मी म्हणालो.

त्यांनी मनगटावरची एक वायर सोडून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, “माणसं बॅकअप घेत नाहीत म्हणून माझं दुकान चालतं. घेतला म्हणून आलेले तुम्ही पहिले.”

पुढचे काही दिवस मी घरात पाहुण्यासारखा वागलो. ताट उचलून ठेवायचं, दिवे बंद करायचे, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. बायको शाळेत जात होती, येत होती. वाचनालयातल्या बाईंचा फोन आला की ‘चाललंय, चाललंय’ म्हणत होती आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघायचं टाळत होती. दुकानातून निरोप आला तेव्हा मी ऑफिसातून थेट धावलो.

“अभिनंदन!” त्या बाई म्हणाल्या. “पेशंट जवळजवळ सगळा वाचला.”

मी पडद्याकडे बघितलं. गाडीच्या दाराचा पोचा, सगळ्या बाजूंनी. माझे ओळखपत्राचे फोटो, एकूण एक. वॉशिंग मशीनचं माहितीपुस्तक, पान पहिलं ते शेवटचं. साहेबांच्या बदलीच्या वेळी मी लिहून नेलेलं आणि कुणी करू न दिलेलं भाषण.

“कासव?”

“त्या भागावर ओरखडा आहे हो. तेवढंच गेलं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं. “पण पोचा बघा किती स्पष्ट आलाय!”

घरी येताना मी लिफ्ट घेतली नाही. जिना चढायला वेळ लागतो आणि मला वेळच हवा होता. बायकोला कसं सांगायचं याची मी प्रत्येक मजल्यावर वेगवेगळी वाक्यं जुळवली. दार उघडल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. “नाही मिळालं गं,” एवढंच मी म्हणालो.

ती मान हलवून म्हणाली, “मला वाटलंच होतं.” मग तिने फोन उचलला. “वाचनालयात कळवून टाकते. त्यांना दुसरं काही ठरवायला तरी वेळ मिळेल. पाटी काढा म्हणते.”

पाटी काढा, हे शब्द ऐकून मला बसवेना आणि उभंही राहवेना. तेवढ्यात आतून मुलीची हाक आली. तिने तिन्ही ड्राइव्हजवर उरलेली कासवं गोळा केली होती आणि क्रमाने लावली होती. “आई, फोन नंतर कर. आधी हे बघ.”

तिने बटण दाबलं. कासव घरातून निघालं आणि एका उडीत झाडाखाली गेलं. दुसऱ्या उडीत त्याने शेत ओलांडलं. तिसऱ्या उडीला ते पुलावर होतं, पाठीवर पुस्तक तसंच. कांगारूलाही जमणार नाही असा तो प्रवास डोळ्याचं पातं लवायच्या आत संपला. मग बायको हसायला लागली. ती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं किती हसण्याचं होतं ते मला कळलं नाही.

“परत लाव,” ती डोळे पुसत म्हणाली. मुलीने परत लावलं. “थांब. इथे थांब. हा फोटो नीट दाखव.” बायको पडद्याला नाक लावून बघत होती. “कसं चालतंय बघा हे! पुढचे दोन्ही पाय एकदम उचलतंय. बेडूक आहे का ते? मी तेव्हा धड कासव बघितलंसुद्धा नव्हतं.”

“तेव्हा छान वाटत होतं की,” मी म्हणालो.

“तुम्हाला सगळी कासवं सारखीच वाटतात,” ती म्हणाली. पण हे ती माझ्याकडे बघून म्हणाली, तेही कितीतरी दिवसांनी. “इतकी वर्षं मी हे पुरं करायचं म्हणून कुरवाळत बसले. पुरं काय करायचं? पहिल्यापासून काढू. कुठून कुठे जायचंय ते इथे उरलेलंच आहे. मधलं चालणं तेवढं नव्याने करायचं.”

“पण दिवस?” मुलगी म्हणाली.

“दिवस कमी आहेत. माणसं आहेत ना?” असं म्हणून तिने हातातला फोन टेबलावर ठेवला आणि कात्री मागितली.

त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर कासवाचा ताबा होता. टेबलाला धक्का लागता कामा नये म्हणून आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवत होतो. कॅमेरा मुलीकडे. चिमटे दाताच्या डॉक्टरीणबाईंनी आणून दिले, आणि दिले ते दिले, रोज संध्याकाळी दवाखाना बंद केल्यावर झाडाची पानं हलवायला त्या स्वतः येऊ लागल्या. “पेशंट तोंड मिटत नाही, ओरडत नाही,” त्या म्हणायच्या, “किती शांत काम आहे हे.” क्लाउडकाका सल्ला द्यायला आले होते. बायकोने त्यांच्या हातात दिवा दिला आणि जरासुद्धा हलायचं नाही असं बजावलं. माणूस बोलला की दिवा हलतो, हे त्यांच्या लक्षात आल्यावर आमच्या घरात कधी नव्हती इतकी शांतता नांदायला लागली.

मला आधी कुठलंच काम नव्हतं. ड्राइव्हजच्या खणावर तर मुलीने चिठ्ठी चिकटवली होती, ‘बाबांनी हात लावू नये.’ रोजचे फोटो ती आणि तिची आई दोघी मिळून उतरवून ठेवत होत्या. मी दाराच्या चौकटीत उभा राहायचो. एका संध्याकाळी बायको म्हणाली, “नुसते उभे काय राहताय? या, मागचा डावा पाय धरा.”

तो पाय माझ्याकडे आला. बायको ‘हं’ म्हणाली की चिमट्याने तो नखभर सरकवायचा, हात मागे घ्यायचा, मुलगी फोटो काढणार, मग पुन्हा ‘हं’. पहिल्या दिवशी मला वाटलं, यापेक्षा फायली बऱ्या. दुसऱ्या दिवशी मी शिंकलो आणि अख्खं शेत, झाड आणि अर्धा पूल सोफ्याखाली गेला. सगळ्यांनी मिळून ते गोळा केलं आणि उरलेल्या जुन्या फोटोकडे बघून होतं तसं मांडलं. पण पुढे पुढे मला त्या पायाची सवय झाली. पाय उचलायच्या आधी तो किंचित मागे रेटतो, टेकताना आधी बोटं टेकतात. बायकोने हे समजावलं, आणि मग ऑफिसला जाताना रस्त्यावर कुत्री-मांजरं दिसली तरी मी त्यांचा मागचा डावा पाय बघायला लागलो. कालचा फोटो आणि आजचा फोटो यांतला फरक मला लांबून दिसायला लागला. एकदा मीच म्हणालो, “थांबा, हे मघासारखंच झालं. पाय हललाच नाही.” बायकोने वाकून बघितलं आणि म्हणाली, “खरंच की.” हे दोन शब्द मी माझ्या नोकरीतल्या कुठल्याही शेऱ्यापेक्षा वर मानतो.

शेवटचा प्रसंग पूर्वी काढलेलाच नव्हता. कासव वाचनालयाशी येतं तेव्हा दार बंद होत असतं आणि आत पुस्तकं सांभाळणाऱ्या बगळ्याला ते दिसतं. तो दाराच्या फटीत आपली लांब चोच घालतो आणि दार तसंच अडवून धरतो, कासवाला यायला लागेल तितका वेळ. बगळ्याची चोच डॉक्टरीणबाईंनी हलवली. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी ते काम संपलं आणि कुणालाच घरी जावंसं वाटेना.

वाचनालयात मुलं चटयांवर बसली होती, मोठी माणसं मागे खुर्च्यांवर. आमची सगळी फौज एका ओळीत होती. बायको माझ्या शेजारी होती. दिवे गेले आणि कासव घरातून निघालं, तेव्हा तिने मान खाली घातली. कासवाने शेत ओलांडलं, पूल ओलांडला, पण ती आपल्या पर्सच्या बंदाकडेच बघत होती. “बघ ना,” मी कुजबुजलो. “नाही हो, मला नाही बघवत. संपलं की सांगा,” ती म्हणाली. दार बंद व्हायला लागलं तशी मुलं गुडघ्यांवर उभी राहिली आणि ‘चल, चल, चल’ म्हणून कासवाला ओरडायला लागली. चोच दारात गेली तेव्हा जो कल्ला झाला, त्याने क्लाउडकाकांचा हात दिवा धरल्यासारखा आपोआप वर गेला.

मग नावं आली. दिग्दर्शन आणि कासव, बायको. कॅमेरा, मुलगी. दिवा, क्लाउडकाका. झाड आणि चोच, दाताच्या डॉक्टरीणबाई. आणि सगळ्यांत शेवटी, एकटीच एक ओळ: ‘मागचा डावा पाय, अहो.’ पुढच्या खुर्चीवरच्या अनोळखी गृहस्थांच्या खांद्यावर टकटक करून मी त्यांना सांगितलं की तो मी.

“संपलं,” मी बायकोला म्हणालो. पण संपलं नव्हतं. पुढच्या चटईवरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “परत!” मग तिच्या शेजारची म्हणाली आणि मग सगळेच ‘परत, परत’ म्हणायला लागले. वाचनालयाच्या बाईंनी मागे वळून बायकोकडे बघितलं, लावू का, अशा नजरेने.

बायकोने मान वर केली. तिने सगळ्या मुलांकडे एकदा बघून घेतलं. “लावा,” ती म्हणाली. दिवे पुन्हा गेले. या खेपेला तिने पर्स माझ्या मांडीवर ठेवली, खुर्चीत नीट बसली आणि आपला सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला.